कानाझावा : गाईडसोबत एका दिवसात जपानी हस्तकला कितपत समजतात?

रानजाई

जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांचा मार्ग आता बहुतेक ठरून गेला आहे. तोक्यो, फुजीचा पायथा, क्योतो, ओसाका आणि वेळ उरलाच तर हिरोशिमा. या धावपळीत कुठेतरी ‘पारंपरिक जपान’ नावाचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम बसवलेला असतो. त्यात भाड्याचा किमोनो नेसून छायाचित्रे काढली जातात, माचा या हिरव्या चहाच्या भुकटीचा एक वाडगा रिकामा केला जातो आणि स्वतः रंगवलेला एखादा पंखा घरी नेला जातो. हौस म्हणून त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्यांना हस्तकलांमध्ये खरोखर रस आहे, त्यांनी एक दिवस कानाझावासाठी राखून ठेवावा आणि तो स्थानिक गाईडसोबत पायी घालवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मागच्या शरदात मी तसा दिवस घालवला, म्हणून हा धागा काढत आहे.

एका दिवसात कोणतीही कला शिकता येत नाही, हे उघड आहे. पण ती कला या गावात का रुजली, कोणाच्या पैशावर वाढली आणि आज तिला कोण पोसते आहे, एवढे समजायला एक दिवस पुरतो, आणि ते उलगडून सांगायला माहीतगार माणूसच लागतो.

कानाझावा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील इशिकावा प्रांताचे मुख्य शहर. १५८३ साली माएदा तोशिइए हा सरदार येथील किल्ल्यात आला आणि पुढे जवळजवळ तीन शतके कागा संस्थान त्याच्या घराण्याकडे राहिले. संस्थानाचे उत्पन्न दहा लाख कोकूंहून अधिक होते. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, अर्थात एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. देशाचे लष्करी राज्यकर्ते असलेल्या तोकुगावा शोगुनांच्या खालोखाल एवढी श्रीमंती दुसऱ्या कोणत्याच सरदाराकडे नव्हती, आणि त्यामुळे शोगुनांच्या राजधानीची, म्हणजे एदोची (आजचे तोक्यो), संशयी नजर माएदांवर कायम असे. फौजफाटा वाढवला तर बंडाचा संशय येणार, म्हणून माएदांनी आपली संपत्ती चहा, नोह नाट्य, लाखकाम, धातुकाम आणि रंगकाम यांकडे वळवली. किल्ल्यातील ज्या कारखान्यात आधी शस्त्रे आणि चिलखते दुरुस्त होत, तेथेच पुढे शोभेच्या आणि नित्य वापराच्या उत्तम वस्तू घडू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बाँबवर्षाव झाला नाही, त्यामुळे जुन्या गल्ल्याही पुष्कळशा शाबूत राहिल्या.

आमच्या गाईड साठी उलटलेल्या एक स्थानिक बाई होत्या. त्यांनी सकाळी नागामाची या सामुराई वस्तीतील मातीच्या भिंतींपासून सुरुवात केली, मग केनरोकुएन उद्यान, दुपारनंतर हिगाशी चाया ही चहागृहांची पेठ, तेथेच सोन्याच्या वर्खाची कार्यशाळा आणि शेवटी चहा, असा क्रम ठेवला. प्रत्येक ठिकाणी त्या एकच प्रश्न विचारत : हे कोणी वापरत असे? वस्तू पाहण्याआधी तिचा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभा करायचा, ही त्यांची पद्धत मला फार आवडली.

केनरोकुएनमध्ये दोन पायांचा प्रसिद्ध दगडी दीप पाहण्यासाठी गर्दी असते. आमच्या गाईडनी तेथे फार वेळ घालवला नाही आणि आम्हाला पाण्याकडे नेले. १६३१ सालच्या आगीत किल्ला जळाल्यावर पुढच्याच वर्षी साई नदीच्या वरच्या अंगापासून सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तात्सुमी कालवा खोदण्यात आला. त्याचेच पाणी आज उद्यानातील तळ्यांत खेळते, आणि तेथील जुने कारंजे वरच्या तळ्याच्या दाबावर, कोणत्याही पंपाशिवाय उडते. १६७६ च्या सुमारास पाचवे अधिपती माएदा त्सुनानोरी यांनी या बागेचा आरंभ केला, पुढच्या पिढ्यांनी ती वाढवली आणि १८७४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आग विझवण्याच्या गरजेतून आलेले पाणी आणि सौंदर्यासाठी रचलेली बाग यांचे हे नाते फलकावर वाचून माझ्या ध्यानात आले नसते.

आता सोन्याविषयी. जपानमध्ये तयार होणाऱ्या सोन्याच्या वर्खापैकी जवळजवळ सगळा, म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक, कानाझावात तयार होतो. त्याची जाडी सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर असते. सुमारे ९४ टक्के सोने आणि उरलेली चांदी व तांबे अशा मिश्रधातूचा लहानसा तुकडा ठोकून ठोकून एका तातामी चटईएवढा पसरवतात. इतका पातळ वर्ख हाताने उचलता येत नाही, म्हणून कारागीर तो बांबूच्या चिमट्याने उचलतो आणि अलगद फुंकर मारून सपाट करतो. येथील दमट हवा या कामाला मानवते, कारण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे वर्ख जागीच गोळा होतो. कार्यशाळेत आम्हाला एका लहान डबीवर चिकटपट्टीच्या नक्षीभोवती वर्ख लावायला दिला. खरे सांगायचे तर आमच्या हातून जे घडले त्याला कला म्हणता येणार नाही. पण बाजूला बसलेल्या कारागिराचा श्वास कसा चालतो, हे जवळून पाहता आले आणि माझ्या मते दिलेले पैसे तेवढ्यानेच वसूल झाले.

आपल्यापैकी कोणी हे शहर पाहिले असल्यास अनुभव लिहावा. ज्यांना अशा फेऱ्या व्यर्थ वाटतात त्यांनीही लिहावे.

सह्याद्रीपुत्र

रानजाईताई, लेखन आवडले. आई-वडिलांना घेऊन पुढच्या वर्षी जाण्याचा विचार आहे. दोघांनाही गुडघ्यांचा त्रास आहे, मांडी घालून बसणेसुद्धा कठीण, तर जपानी पद्धतीने टाचांवर बसणे दूरच राहिले. चहाचा कार्यक्रम त्यांना जमेल का?

ओसाकावासी

सह्याद्रीपुत्र, काळजी करू नका. खुर्ची-टेबलावर बसून चहा करण्याची एक रीतसर पद्धत आहे, तिला र्युरेई म्हणतात. १८७२ च्या सुमारास क्योतोतील प्रदर्शनाला परदेशी पाहुणे येणार होते, तेव्हा उरासेन्के या चहा-परंपरेच्या अकराव्या प्रमुखांनी ती मुद्दाम बसवली. त्यामुळे खुर्ची मागणे म्हणजे परंपरेत सवलत मागणे नव्हे. परंपरेनेच ती सोय दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. आरक्षण करतानाच तसे कळवावे, कारण प्रत्येक चहागृहात ती मांडणी नसते. शिवाय जपानी लोकांचेही पाय आता तातामीवर दुखतात, त्यामुळे कोणी पाय मोकळे केले तर यजमान ते मनावर घेत नाहीत.

गाईडविषयी थोडे. २०१८ च्या जानेवारीपर्यंत जपानमध्ये परदेशी पर्यटकांना पैसे घेऊन माहिती सांगण्याचा अधिकार फक्त राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दुभाषी-मार्गदर्शकांना होता. कायदा बदलल्यानंतर हे काम कोणीही करू शकतो, पण परवानाधारक ही पदवी अजूनही परीक्षा दिलेल्यांसाठीच राखीव आहे. ती परीक्षा अवघड असते, भाषेबरोबर इतिहास आणि भूगोलही तपासला जातो. तेव्हा आरक्षणाच्या वेळी एवढे एक जरूर विचारावे. दुसरा मार्ग स्वयंसेवी गाईडांचा आहे. बहुतेक मोठ्या शहरांत असे गट आहेत, कानाझावातही आहेत. ते मानधन घेत नाहीत, मात्र त्यांचे प्रवासभाडे, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण द्यावे असा संकेत आहे. त्यांतील अनेक जण निवृत्त शिक्षक असतात आणि वेळ ठरली की पाच मिनिटे आधी उभे असतात, हे आपल्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे!

तिरकस

विरोधी सूर लावण्याची विनंती लेखिकेनेच केली आहे, म्हणून लिहितो. मला अशा फेऱ्यांमध्ये एक मूलभूत ढोंग दिसते. सामान्य जपानी माणूस आज किमोनो नेसत नाही, त्याच्या घरी तातामीची खोली असेलच असे नाही, त्याची मुलगी चहाचे संस्कार शिकत नाही. मग आपण पैसे देऊन जे पाहतो ते जपान कोणाचे? पर्यटकांसाठी उभा केलेला देखावा तर नव्हे? आइस्क्रीमवर सोन्याचा वर्ख चिकटवून हजार येनच्या आसपास विकणे याला परंपरा म्हणायचे असेल, तर परंपरा या शब्दाचा अर्थ फारच सैल करावा लागेल. माएदांच्या काळात हे सोने मंदिरात जात होते, आता ते सेल्फीत जाते, एवढाच काय तो फरक.

रानजाई

तिरकसराव, आइस्क्रीमच्या बाबतीत माझेही पहिले मत हेच होते, पण गाईडबाईंनी सांगितलेला हिशेब ऐकल्यावर ते थोडे बदलले. वर्खाचा सर्वात मोठा गिऱ्हाईक मंदिर नव्हते, तर घराघरांतील बौद्ध देव्हारे होते. त्यांना बुत्सुदान म्हणतात, आणि कानाझावा ज्यात येते त्या होकुरिकु भागात ते आतून संपूर्ण सोनेरी असण्याची रीत आहे. शहरांतील घरे लहान झाली, तरुण कुटुंबांनी मोठे देव्हारे घेणे सोडले आणि वर्खाची मागणी घसरत गेली. मग व्यवसायाने मिठाई, सौंदर्यप्रसाधने, काचेच्या वस्तू आणि पर्यटक यांच्याकडे मोर्चा वळवला. देखावा म्हणा हवे तर, पण कारखान्याची भट्टी त्यावर चालू राहते.

त्यातही एक फरक जाणकारांनी लक्षात घ्यावा. वर्ख ठोकण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एन्त्सुके पद्धतीत सोन्याचे तुकडे हातकागदांच्या थरांत ठेवून ठोकतात. तो कागद आधी काडाच्या राखेचे पाणी, कच्च्या पर्सिमॉन फळाचा रस आणि अंडे यांच्या मिश्रणात पुन्हा पुन्हा भिजवून तयार करावा लागतो, आणि कागद तयार करण्याचे हे कामच कारागिराच्या आयुष्याचा मोठा भाग खाते. दुसरी पद्धत विसाव्या शतकातील आहे, तिच्यात कार्बनचा लेप दिलेला यंत्रकागद वापरतात आणि एका वेळी हजारांहून अधिक वर्ख एकत्र कापले जातात. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनासाठी लागणाऱ्या पारंपरिक कौशल्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात एन्त्सुके वर्खाचा समावेश आहे. कार्यशाळेत आपल्यासमोरचा वर्ख कोणत्या पद्धतीचा, असे विचारले की कारागिराचा चेहरा खुलतो. बहुतेक पर्यटक किंमत विचारतात.

आणि देखाव्याचाच प्रश्न असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. १९८९ मध्ये या शहराने उतात्सुयामा टेकडीवर तरुण कारागिरांसाठी एक कार्यशाळा-संस्था उभारली, तेथे मातीकाम, लाखकाम, रंगकाम, धातुकाम आणि काचकाम शिकणाऱ्यांना विद्यावेतन मिळते. १९९६ मध्ये सुतार, गवंडी, कौले घालणारे, तातामी बनवणारे अशा कामकऱ्यांसाठी वेगळे विद्यालय सुरू झाले, आणि त्यात प्रवेश मिळतो तो आधीच धंद्यात मुरलेल्या माणसांना. पर्यटकांसाठी देखावा उभा करायचा असता तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

चवदार

वर्ख ठोकण्याच्या कागदात अंडे आहे हे वाचून आमच्या मातोश्रींनी सोनेरी आइस्क्रीमचा बेत तत्काळ रद्द केला आहे, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

गंमत बाजूला ठेवून सांगतो. आपल्याकडे चांदीचा वर्ख पिढ्यान् पिढ्या जनावरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांत ठोकला जात असे, आणि २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने चांदीच्या वर्खात प्राणिजन्य पदार्थाचा वापर कोणत्याही टप्प्यावर करण्यास मनाई केली. पेढ्यावरचा वर्ख खाताना ज्यांनी कधी हा प्रश्न विचारला नाही, त्यांनी जपानी कागदाची फार चिकित्सा करू नये.

शाकाहारी मंडळींसाठी माझा अनुभव असा की कलांच्या फेरीत सर्वात निर्धास्त खाण्याची गोष्ट म्हणजे चहासोबत येणारी मिठाई. ही मिठाई, म्हणजे वागाशी, बहुधा अझुकी या लाल कडधान्याचे किंवा पांढऱ्या घेवड्याचे गोड पुरण, तांदळाचे पीठ आणि साखर यांची असते, आणि जेली असली तर ती समुद्री शेवाळापासून केलेल्या कांतेनची असते. दोरायाकी आणि कास्तेला यांत मात्र अंडे असते. मिठाईसाठी क्योतो, मात्सुए आणि कानाझावा या तीन शहरांची नावे जपानमध्ये एकत्र घेतली जातात, आणि कानाझावापुरते चहाची आवड असलेले माएदाच त्याला कारणीभूत आहेत. जेवणाचे प्रकरण अवघड आहे. भाज्यांचे साधे दिसणारे सूपही वाळवलेल्या बोनितो माशाच्या दाशीवर, म्हणजे अर्कपाण्यावर, बेतलेले असते, आणि शहराचा प्रसिद्ध पदार्थ जिबुनी हा तर बदकाच्या मांसाचा आहे. गाईडला आठवडाभर आधी लिहून कळवले, तर बौद्ध मठातील शोजिन या शाकाहारी पद्धतीचे जेवण मिळवून देता येते. ऐन वेळी सांगितल्यास पांढरा भात आणि लोणचे यांवर दिवस काढावा लागेल.

मंजिष्ठा

मी वस्त्ररंगाईच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे या धाग्यात कागा युझेन अजून आले नाही याचे आश्चर्य वाटले. माझ्या दृष्टीने कानाझावाला जाण्याचे खरे कारण तेच आहे.

युझेन ही रेशमी कापडावर चित्र रंगवण्याची पद्धत. आधी आओबाना नावाच्या रानफुलाच्या निळ्या रसाने रेखाटन करतात, कारण तो रस पाण्याने नाहीसा होतो. मग चिकट तांदळाच्या खळीची बारीक रेघ कागदी कोनातून त्या रेखाटनावर ओढतात. ही रेघ म्हणजे बांध, तिच्यामुळे शेजारचे दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत. त्यानंतर कुंचल्याने एकेक पाकळी रंगवायची, चित्रावर खळ झाकून पार्श्वभूमी रंगवायची, वाफ देऊन रंग पक्का करायचा आणि शेवटी वाहत्या पाण्यात खळ धुऊन काढायची. पूर्वी ही धुलाई आसानो नदीत होत असे. आता बहुतेक काम कारखान्यातील कृत्रिम प्रवाहात होते, तरी थंडीत कधी कधी नदीत कापड सोडलेले अजूनही दिसते. खळ धुतली गेली की तिच्या जागी केसाएवढी पांढरी रेघ उरते. उत्तम कागा युझेन ओळखायचे तर आधी ती रेघ पाहावी.

क्योतोचा पंखाचित्रकार मियाझाकी युझेनसाई उतारवयात, १७१२ च्या सुमारास, कानाझावाला आला आणि त्याच्या शैलीने येथील जुन्या रंगकामाला नवे वळण दिले. पण दोन्ही शहरांचे मार्ग पुढे वेगळे झाले. क्योतोच्या कापडावर सोन्याचा वर्ख आणि भरतकाम चढते, आणि प्रत्येक टप्प्याचा कारागीर वेगळा असतो. कागा युझेनमध्ये सोने जवळजवळ वापरत नाहीत. ज्या शहरात देशभराचे सोने ठोकले जाते, त्याच शहराने आपल्या कापडावर सोने नाकारावे, ही सरदारी अभिरुची मला फार मोठी वाटते. येथे निळा, लाखेसारखा तांबडा, गेरूपिवळा, गवती हिरवा आणि जुना जांभळा हे पाच रंग प्रमुख. पाकळीचा रंग कडेला गडद आणि आत फिका होत जातो, आणि पानावर किडीने खाल्लेले भोकसुद्धा काळजीपूर्वक रंगवतात. शिवाय रेखाटनापासून रंगभरणीपर्यंतचा बराचसा भाग एकच कलावंत हाताळतो आणि कापडावर आपली मुद्रा उमटवतो.

कार्यशाळांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पर्यटकाला जो रुमाल रंगवायला देतात, त्यावर खळीची रेघ आधीच ओढलेली असते किंवा साचा दिलेला असतो. म्हणजे सर्वात कठीण काम वगळून सर्वात सोपे काम आपल्या हाती येते, आणि परतताना लोकांना वाटते की युझेन म्हणजे लहान मुलांनी रंग भरण्याचे पुस्तक. मी एका ठिकाणी विनंती करून फक्त खळीचा कोन हातात मागितला. निम्मा तास प्रयत्न केल्यावर वीतभर सरळ रेघ काढता आली नाही, आणि त्या निम्म्या तासात जे कळले ते रुमाल रंगवून कळले नसते. गाईड सोबत असल्याचा मोठा फायदा हाच की अशी आडवळणाची विनंती तो योग्य शब्दांत पोहोचवू शकतो.

तिरकस

मंजिष्ठाताईंचा प्रतिसाद वाचून माझा विरोध अर्धा मावळला, तो रुमालापुरता शिल्लक आहे. फौजेऐवजी कलेवर खर्च ही कथा मात्र मला जरा जास्तच गोड वाटते. दरबारी कला ही सत्तेची भाषा असते. शोगुनला भेट म्हणून दिलेली लाखेची पेटी हीसुद्धा एक प्रकारची शक्तिप्रदर्शनाची चालच होती, आणि तिचा खर्च अखेर कागाच्या शेतकऱ्याच्या तांदळातून निघत होता.

रानजाई

मान्य. आमच्या गाईडबाईंनी शेतकऱ्यांचा उल्लेख केला नाही, तो करायला हवा होता.

रंगभूषा

चहा आणि कापड यांच्या गर्दीत नोह मागे पडू नये म्हणून लिहितो. कानाझावा रेल्वेस्थानकासमोरचा २००५ साली उभारलेला भव्य लाकडी दरवाजा आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिला असेल. त्याचे पिळदार खांब नोहमधील त्सुझुमी या हातढोलावरून घेतले आहेत, म्हणजे शहर पाहुण्याचे स्वागतच नाट्यवाद्याने करते. माएदांनी होशो परंपरेचे नोह उचलून धरले आणि ते केवळ दरबारात ठेवले नाही, कारागिरांनाही शिकण्यास उत्तेजन दिले. म्हणून कानाझावात आकाशातून नोहची गाणी पडतात, अशी जुनी म्हण आहे. झाडावर चढलेला माळी आणि छपरावरचा सुतार काम करताना नोहचे पद गुणगुणत असत, हे त्यामागचे कारण.

संध्याकाळी पूर्ण प्रयोग पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. गाईडसोबत दुपारी नोह संग्रहालयात जावे. तेथे मुखवटा चेहऱ्यावर धरून पाहता येतो, आणि त्याच्या डोळ्यांच्या छिद्रांतून किती कमी दिसते हे एकदा अनुभवले, की नट मंचावर इतक्या सावकाश पाय का सरकवतो आणि खांबांच्या आधाराने जागा का ओळखतो, हे सांगावे लागत नाही.

सिंहगडरोडकर

उद्यानाचा विषय निघाला म्हणून एक स्थानिक जोड. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ते ओकायामा शहरातील कोराकुएन या उद्यानावरून बेतलेले आहे. कोराकुएन, मितोचे काइराकुएन आणि कानाझावाचे केनरोकुएन ही जपानची तीन नामांकित उद्याने मानली जातात. पुणेकरांनी केनरोकुएनला जाण्यापूर्वी एकदा आपल्या उद्यानात सकाळी शांतपणे फिरून यावे. वाट मुद्दाम का वळवली आहे आणि पुलावरून पाहिल्यावर पाणी कोणत्या कोनातून दिसते, एवढे डोळ्यांना सरावाचे झाले तर तेथे गाईडचे बोलणे लवकर उमगते.

ओसाकावासी

हिगाशी चायाविषयी दोन सूचना. ही पेठ १८२० मध्ये संस्थानाच्या परवानगीने वसली. एदो काळात सामान्य दुकानांना दुमजली बांधण्याची मुभा नव्हती, ती चहागृहांना मिळाली, म्हणून येथील वरचा मजला उंच आणि खालची दर्शनी जाळी अत्यंत बारीक आहे. जाळीच्या पट्ट्या अशा घडवल्या आहेत की आतून रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून आत दिसत नाही. शिमा हे त्याच वर्षीचे घर आत जाऊन पाहता येते. वर पाहुण्यांची दालने आणि त्यांना लागून नृत्याची जागा आहे, खाली स्वयंपाकघर आणि विहीर. हे घर गाईडसोबत पाहावे, कारण रिकाम्या खोल्यांत कोण कोठे बसत असे हे सांगितल्याशिवाय ती घरे मुकी वाटतात.

चहागृहांत ओळखीशिवाय नवख्या पाहुण्याला प्रवेश न देण्याची प्रथा आजही आहे. पर्यटकांसाठी ठरावीक दिवशी गेइकोंच्या, म्हणजे चहागृहांत नृत्य-गायन करणाऱ्या कलावंतिणींच्या, नृत्याचे खुले कार्यक्रम होतात, त्यांची तिकिटे आधी काढावीत. रस्त्यात एखादी गेइको दिसली तर वाट अडवून छायाचित्र काढू नये. क्योतोच्या गिओनमध्ये याच वर्तनामुळे २०२४ पासून खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आणि दहा हजार येन दंडाचे फलक लागले. त्या फलकांसमोर उभे राहून छायाचित्र काढणारेही मी पाहिले आहेत, त्यांत आपले देशबांधव होते.

मंजिष्ठा

खरेदीबद्दल एक विनंती. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात वाजिमा शहराची मोठी हानी झाली. तेथील सकाळच्या बाजाराचा भाग आगीत भस्मसात झाला आणि लाखकामाच्या अनेक कार्यशाळा गेल्या. वाजिमाची लाखेची भांडी शंभराहून अधिक टप्प्यांतून तयार होतात. लाकडाच्या नाजूक कडांवर कापड चिकटवून वर भाजलेल्या डायटम मातीचा (सूक्ष्म शेवाळांच्या अवशेषांपासून बनलेल्या मातीचा) अस्तर-लेप दिलेला असतो, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या टिकतात आणि झिजली तर पुन्हा लाख चढवून वापरता येतात. वाजिमा कानाझावाच्याच प्रांतात, उत्तरेकडे आहे, आणि तेथील कारागिरांचा माल कानाझावाच्या दुकानांत मिळतो. चार रुमाल आणि दहा चुंबकी चित्रे घेण्यापेक्षा तेथील एक साधा सूपचा वाडगा घ्यावा. स्वस्त मिळणार नाही. अगदी स्वस्त दिसला तर आत लाकूड नसून प्लास्टिक आहे का, हे गाईडला हळूच विचारावे.

सह्याद्रीपुत्र

सर्वांचे आभार, एवढी माहिती एका धाग्यात मिळेल असे वाटले नव्हते. शेवटची शंका. आमचा मुक्काम क्योतोला असणार आहे. तेथून सकाळी निघून रात्री परत येणे बरे की एक रात्र कानाझावात काढणे बरे? आणि महिना कोणता धरावा?

रानजाई

आई-वडील सोबत असताना एक रात्र अवश्य काढावी. मार्च २०२४ मध्ये होकुरिकु शिनकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे त्सुरुगा शहरापर्यंत वाढली, तेव्हापासून क्योतोहून येणाऱ्या थंडरबर्ड गाड्या तेथेच थांबतात आणि प्रवाशांना शिनकान्सेनमध्ये बदलावे लागते. बदल सोपा आहे, पण सामान आणि गुडघे यांचा विचार करता एका दिवसात दोनदा नको. तोक्योहून मात्र थेट गाडी आहे, ती अडीच ते तीन तासांत पोहोचवते. तेव्हा तोक्यो, कानाझावा, मग क्योतो असा क्रम ठेवला तर उलटा प्रवास पडत नाही.

महिन्याचे म्हणाल तर नोव्हेंबर धरा. महिन्याच्या पहिल्या दिवसापासून केनरोकुएनमध्ये झाडांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून माळी वरून दोऱ्या बांधू लागतात, आणि ते काम चालू असताना पाहणे हाही एका हस्तकलेचाच भाग आहे. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, तो दिवस टाळा. ऊन असले तरी छत्री जवळ ठेवा. डबा विसरलात तरी चालेल, पण छत्री विसरू नका, असे कानाझावाचे लोक स्वतःच म्हणतात. गाईड निवडताना आम्ही कोणते प्रश्न विचारले होते त्याची यादी आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.